गुलाबी ठिगळं

"चार वर्षांत एकही झाड पडलं नाही," असं तराजूबाईने मोठ्याने वाचलं, आणि काच पुसणाऱ्या मावशीचा हात जागच्या जागी थांबला.

तराजूबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. समुद्र-संशोधन केंद्रातली ती शिकलेली बाई, नावाच्या आधी डॉक्टर लावणारी. पण गेली चार वर्षं तिने पोवळी तोलण्याखेरीज दुसरं काही केलेलं मावशीने पाहिलं नव्हतं, म्हणून मनातल्या मनात हे नाव पडलं. तोंडावर मात्र नुसतं 'बाई'. आणि मावशी ही साऱ्या केंद्राचीच मावशी. टाक्या धुणं, पाणी बदलणं, पोवळ्यांना भरवणं, काचा पुसणं हे तिचं काम. वय साठीला टेकलेलं, निवृत्तीला चार महिने उरलेले.

"काय वाचलंत, बाई?" मावशीने विचारलं.

"अहवालाचं शेवटचं पान. उद्या समिती येतेय ना. ऐका, कसं वाटतंय सांगा." बाईने पुन्हा वाचलं. "आंबट पाण्याच्या टाकीतली पोवळी साध्या पाण्यातल्याइतकीच वाढली. चार वर्षांत एकही झाड पडलं नाही. सबब खोल समुद्रातल्या पोवळ्यांना सध्या तरी धोका दिसत नाही."

"छान वाटतंय," मावशी म्हणाली आणि काच पुसू लागली. ती काच आधीच लख्ख झालेली होती.

ती खोली तळघरात होती. खिडकी नाही, थंडी फ्रिजच्या पोटात असावी तशी, आणि उजेड एकाच लाल दिव्याचा. ही पोवळी समुद्रात अशा खोलीवर राहतात की तिथे ऊन जन्मात पोचत नाही. पांढरा उजेड पडला की ती तोंडं मिटून घेतात. म्हणून दारावर पाटी लावलेली, 'पांढरा दिवा लावू नये'. लाल उजेडात दोन मोठ्या टाक्या, प्रत्येक पलंगाएवढी. दोन्हींत पोवळ्यांची पांढरी, फांद्याफांद्यांची झाडं. वरच्या टोकांना जिवंत जीव, बोंडासारखे, भरवताना हळूच बोटं उघडणारे. खालचा बुंधा मात्र मेलेला, शेकडो वर्षांचा जुना. पणज्यांच्या हाडांवर पणतवंडं उभी, असं त्यांचं घराणं.

एका टाकीत आजच्या समुद्राचं पाणी. दुसरीत नळकांड्यातून वायू सोडून मुद्दाम आंबट केलेलं. धुराड्यांतून आणि गाड्यांतून जो धूर जातो त्यातला बराचसा वायू समुद्र गिळतो आणि हळूहळू आंबट होत जातो. सत्तर-ऐंशी वर्षांनी तो जसा होईल तसं पाणी आजच करून बघायचं, हा प्रयोग. बाईने हे पहिल्या दिवशी समजावलं तेव्हा मावशी म्हणाली होती, "म्हणजे ही आपली टाकी आणि ती नातवंडांची." तेव्हापासून नावं तीच पडली. साहेबसुद्धा कधी कधी चुकून 'नातवंडांची टाकी' म्हणायचे आणि मग खाकरायचे.

मावशीने बादली उचलली, टाक्यांच्या मागच्या अंगाला गेली आणि नातवंडांच्या टाकीत वाकून पाहिलं. मागच्या कोपऱ्यातलं, समोरून न दिसणारं एक झाड आडवं पडलेलं होतं. सकाळी उभं होतं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. मावशीने आधी बाईकडे पाहिलं. बाई कागदात गुंतलेली. मग तिचा हात सवयीने एप्रनच्या खिशात गेला. खिशात पुट्टीची कांडी होती. दोन रंगांची पुट्टी बोटांनी एकत्र मळायची, पाण्याखालीच बुंध्याला दाबायची, झाड उभं धरायचं, आणि शंभर आकडे मोजायचे. दगडासारखी घट्ट होते. मावशीने हे चार वर्षांत किती वेळा केलं होतं याची तिने मोजदाद ठेवली नव्हती. मोजायचंच नव्हतं तिला.

कारण उघड होतं. तिच्या आधी या खोलीत जो माणूस होता त्याच्या झाडूचा दांडा लागून एक झाड मोडलं, तर दुसऱ्या दिवशी त्याला दाराबाहेर केलं. मावशी आली त्या पहिल्याच महिन्यात तिच्या कोपराने आपल्या टाकीतलं एक झाड पाडलं. तिने चौकापलीकडच्या दुकानातून पुट्टी आणली, झाड उभं केलं आणि तोंड शिवलं. पुढे नातवंडांच्या टाकीतलं एक पडलं. मग दुसरं. मावशी म्हणायची, वय झालं, हात जड झाला. कुठेतरी धक्का लागला असेल. दर वर्षी फोटो काढायचा दिवस आला की आदल्या संध्याकाळी ती सगळी झाडं चाचपून सरळ करायची, पाहुणे यायच्या आधी घर आवरावं तसं. फोटोही लाल उजेडातच निघायचा, समोरून. सगळी झाडं कवायतीला उभी असल्यासारखी.

आणि आता त्याचं वाक्य झालं होतं. चार वर्षांत एकही झाड पडलं नाही.

त्या दिवशी मावशीने खिशातली कांडी बाहेर काढलीच नाही. पडलेलं झाड तसंच ठेवलं. त्याच्या बुंध्याचा सुटलेला एक तुकडा तिने उचलला, आपल्या टाकीच्या तळाशी पडलेला तसाच एक तुकडा उचलला आणि दोन्ही रुमालात बांधले. केंद्रातली कोणतीही वस्तू घरी न्यायची नाही असा नियम होता. चार वर्षांत तिने तो पहिल्यांदा मोडला.

घरी थोरला भाऊ पोळीबरोबर खायला काय असेल याचा विचार करत बसला होता. दादा म्हणजे होड्यांचा सुतार. बापही सुतार, आजाही सुतार. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून घरीच. बहीण-भाऊ दोघंच एका छपराखाली राहायची, आणि भांडायला तिसऱ्याची गरज त्यांना कधी पडली नाही.

"आलीस? काय म्हणते तुझी समुद्रातली फुलकोबी?"

"दादा, हे जरा वाजवून बघ." तिने रुमाल सोडला.

"हे काय? मला आता दगड खायला घालणार?"

"वाजव म्हणते ना."

दादाने चमचा उचलला. लाकडाची फळी बरी की सडकी हे सुतार डोळ्यांनी बघत नाही. रंग फसवतो. तो हातोडीने वाजवतो आणि कानाने बघतो. त्याने आपल्या टाकीतल्या तुकड्यावर चमचा मारला. टण्ण. चिनीमातीच्या कपासारखा. मग दुसऱ्यावर मारला. बद्द. त्याने भुवया वर केल्या, तुकडा दोन बोटांत धरला, दाबला, आणि तो टोस्टासारखा भुगा होऊन ताटात पडला.

दादाने तो भुगा चिमटीत घेऊन हुंगला.

"वाळवी?" तो म्हणाला.

"समुद्रात कसली वाळवी? पाणी आंबट आहे. जिवंत भागावर कातडी आहे, म्हणून तो टिकतो, वाढतोसुद्धा. खालचं मेलेलं हाड उघडं. ते पाणी त्याला आतून खातंय."

"म्हणजे वरच्या मजल्यावर बारसं आणि तळमजला पोखरलेला."

"आणि बाई तोलते ती फक्त वरची टोकं. खालचा मेलेला भाग छाटून, प्लॅस्टिकच्या बैठकीवर चिकटवून मग तोलते. तिच्या काट्यावर कधी येणारच नाही हे." मावशी खाली बसली. "आणि जी मोठी झाडं मेलेल्या बुंध्यासकट होती, ती पडली, दादा. एकामागून एक पडली. मी उभी केली."

"किती?"

"मोजली नाहीत."

"का?"

"मला वाटलं, माझ्याच हाताने पडतात."

दादा हसला. छद्मी नव्हे, पण फार प्रेमळही नव्हे. "बाबांच्या पोटी जन्मलीस आणि वाजवून बघायचं सुचलं नाही. हातोडी मला दिली त्यांनी, कान तुला दिले असते तर बरं झालं असतं." मग गंभीर झाला. "आता काय करणार? चार महिने राहिलेत तुझे. झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प बसलीस तर हारतुरे घालून घरी सोडतील. बोललीस तर हात धरून सोडतील."

"उद्या समिती बघून गेली की दुपारी टाक्या रिकाम्या करणार आहेत. खोली दुसऱ्या कामाला द्यायचीय. मग हे कोणाला कधी कळायचंच नाही."

"मी तेच म्हणतोय. कळायचं नाही. म्हणजे तू सुटलीस."

मावशीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने चमचा खाली ठेवला.

"बरं," तो म्हणाला. "एक सांग. पुट्टी कोणत्या रंगाची घेतलीस?"

"गुलाबी."

"पांढरी नव्हती दुकानात?"

"होती. शेजारच्याच खणात."

"झाडं पांढरी, आणि लपवायला पुट्टी गुलाबी? असा चोर मी पाहिला नाही."

मावशी आठवू लागली. दुकानात पांढरी कांडी हातात घेतली होती खरी. मग ठेवून दिली. का ठेवली, तेव्हा कळलं नव्हतं. आता कळलं. बाबा होडीला ठिगळ लावायचे ते कधीच त्या होडीच्या लाकडाचं लावत नसत. काळसर होडीला पिवळी फळी, पिवळीला काळी. गिऱ्हाईक कुरकुरायचं, दिसतं म्हणून. बाबा म्हणायचे, दिसण्यासाठीच लावलंय. पुढच्या सुताराला कळलं पाहिजे, कुठे एकदा सडलं होतं. लपवलेलं ठिगळ माणसं बुडवतं.

"म्हणजे तू लपवलं नाहीस," दादा म्हणाला. "खूण करून ठेवलीस. फक्त तोंड उघडायचं विसरलीस. चार वर्षं. तशी तू बोलकी आहेस, यावेळीच कशी काय."

"खूणसुद्धा दिसत नाही, दादा. लाल दिव्यात गुलाबी आणि पांढरं सारखंच दिसतं."

"मग घरात विजेरी आहे ना?" दादा म्हणाला. "आणि आता पोळी वाढ. ज्ञान पाजून पोट भरत नाही."

सकाळी मावशीने बाईला दारातच गाठलं. बाईने नवा कोट घातला होता. मावशीने सगळं सांगितलं, सुरुवातीपासून, कोपरापासून. बाई ऐकत गेली आणि तिचा चेहरा टाकीतल्या पाण्यासारखा थंड होत गेला.

"चार वर्षं, मावशी," ती म्हणाली. "मी रोज इथे बसते. तुम्ही दहा पावलांवर असता."

"हो."

"एकदा तरी बोलायचं."

"नाही बोलले. चुकलं. पण तुम्हीसुद्धा दहाच पावलांवर होता, बाई. एकदा तरी टाकीमागे यायचं."

बाईने हातातली पिशवी खाली ठेवली. मग ती मावशीच्या मागोमाग टाक्यांमागे आली. मावशीने विजेरी लावली. पांढरा झोत पाण्यात शिरला, पोवळ्यांनी भराभर बोटं आत घेतली, आणि नातवंडांच्या टाकीच्या तळाशी जागोजाग गुलाबी उमटलं. कुठे बोटाएवढं, कुठे मुठीएवढं. एकेका बुंध्याला तीन तीन कडी. बाई मोजू लागली. तिला मोजण्याची सवयच होती. एकेचाळीसला ती थांबली.

"आता आपल्या टाकीत," मावशी म्हणाली.

आपल्या टाकीत गुलाबी एकच होतं.

"ते मात्र माझ्याच कोपराने," मावशी म्हणाली.

बाई तिथेच ओल्या फरशीवर उकिडवी बसली, नव्या कोटासकट. ती म्हणाली, "हा माझा सगळा अहवाल आहे, मावशी. आणि तो या पुट्टीवर उभा आहे." मग उठली आणि साहेबांकडे गेली.

साहेब म्हणजे केंद्राचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता. पण छापून झालेल्या कागदावर त्यांचा देवासारखा विश्वास. दहा मिनिटांनी ते स्वतः तळघरात आले, बाई मागे.

"मावशी, मला सांगा," ते म्हणाले, "झाडं पडली, तुम्ही उभी केली, ती आज उभी आहेत. बरोबर?"

"बरोबर. कालचं एक सोडून."

"मग बाकीची उभीच आहेत ना? अहवाल छापून झालाय. समिती अकराला येतेय. दुपारी टाक्या रिकाम्या होतील. आता हे काढून आपलंच हसं कशाला करून घ्यायचं? आपलेच दात आपलेच ओठ. मी तुमच्यावर काही कारवाई करणार नाही, शब्द देतो. तुम्ही आज सुट्टी घ्या. घरी जा, आराम करा."

"चार वर्षांत मी सुट्टी घेतलेली नाही, साहेब. आज सवय कशाला लावू?"

"मी आग्रहाने सांगतोय."

"ते कळलं."

साहेब बाईकडे वळले. "तुमचं काय म्हणणं आहे?"

बाई जमिनीकडे बघत होती. तिच्या चार वर्षांचा प्रश्न होता, हे मावशीला दिसत होतं. तिची घाई करावी असं मावशीला वाटलं नाही. "मला विचार करू द्या," बाई म्हणाली.

"अकरापर्यंत करा," साहेब म्हणाले आणि गेले. बाईही गेली.

मावशी एकटी उरली. तिने पोवळ्यांना भरवलं, कारण कोणी येवो न येवो, त्यांची वेळ झाली होती. मग हत्यारांच्या पेटीतून पाना काढला. दोन्ही टाक्यांच्या तळाशी निचऱ्याचे नळ होते, जाड, लाल मुठीचे. मूठ फिरवली की पाणी निघून जायचं. तिने दोन्ही मुठींचे नट सोडवले, मुठी काढल्या आणि एप्रनच्या खिशात टाकल्या. पुट्टीची कांडी काढून कचऱ्याच्या डब्यात टाकली. खिशात जागा हवी होती.

समितीत तिघं होते. दोघं घड्याळाकडे बघणारे. तिसऱ्या अध्यक्षबाई, केस पांढरे, हातात काठी, एकेकाळी मालाच्या जहाजावर कप्तान होत्या असं कोणीतरी सांगितलं होतं. साहेबांनी दाराशीच त्यांना अहवाल दिला, समोरच्या काचेतून झाडं दाखवली, शेवटच्या पानावरचं वाक्य वाचून दाखवलं. मावशी कोपऱ्यात उभी होती. साहेबांनी तिला पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"एकही पडलं नाही?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"एकही नाही," साहेब म्हणाले.

"एकेचाळीस वेळा पडली," मावशी म्हणाली.

घड्याळाकडे बघणाऱ्या दोघांनी माना वळवल्या.

"या कोण?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"टाक्या धुणाऱ्या मावशी," साहेब म्हणाले. "निवृत्त होताहेत लवकरच. जरा थकल्या आहेत."

"थकले नाही," मावशी म्हणाली. "मी चार वर्षं पडलेली झाडं पुट्टीने चिकटवली आणि कोणाला सांगितलं नाही. माझी चूक. ती साहेबांची नाही, बाईंचीही नाही. पण ते वाक्य खोटं आहे. तुम्ही मागच्या बाजूने या."

"मावशी, पुरे," साहेब म्हणाले.

"पाटीवर पांढरा दिवा लावू नये असं लिहिलंय, ते मला ठाऊक आहे," मावशी म्हणाली, आणि विजेरी लावली.

अध्यक्षबाई काठी टेकत मागे आल्या. त्या खाली वाकल्या, पाहिलं. दुसऱ्या टाकीपाशी गेल्या, तिथलं ते एकुलतं एक गुलाबी पाहिलं, परत आल्या. मावशीने दोन तुकडे त्यांच्या हातावर ठेवले, दोन टाक्यांतले, आजच काढलेले. सांगावं लागलंच नाही. कप्तानबाईंनी काठीच्या पितळी मुठीने एकेक वाजवून पाहिला. दुसरा त्यांच्या हातावरच फुटला.

"गंजलेलं जहाज असंच वाजतं," त्या म्हणाल्या. "वरून रंग ताजा असतो."

घड्याळाकडे बघणाऱ्यांपैकी एकजण म्हणाला, "पण जिवंत भाग वाढतोय, हे तर खरं आहे ना? आकडे आहेत."

"आकडे खरे आहेत." हा आवाज बाईचा होता. ती दारात उभी होती. कधी आली कोणाला कळलं नव्हतं. कोटाची किनार अजून ओली होती. "मी फक्त जिवंत टोकं तोलली. मेलेला भाग माझ्या प्रयोगाचा विषय नव्हता, म्हणून मी तो छाटून टाकत होते. दर वर्षी, माझ्या हाताने. पण समुद्रात ही झाडं प्लॅस्टिकच्या बैठकीवर उभी नसतात. मेलेल्यावर उभी असतात. त्या बुंध्यांच्या जाळीत मासे अंडी घालतात, हजार जिवांची घरं असतात. बुंधा गेला की वरचं कितीही वाढलेलं असो, खाली येतं." ती थांबली. "मी अहवाल मागे घेते."

"अहो, तुम्ही असा एकदम..." साहेब म्हणाले.

"एकदम नाही. चार वर्षं उशिरा."

"पण उपाय तर निघालाच ना," तो घड्याळवाला म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता, खरंच त्याला सुचलं होतं. "चिकटवली, उभी राहिली. याचा काही उपयोग..."

मावशीला हसू आलं. "साहेब, माझे हात इथवर," तिने कोपरापर्यंत दाखवलं. "समुद्र किती खोल आहे ते या बाईंना विचारा. तिथे खाली पुट्टी घेऊन कोण बसलंय? तिथे पडलेलं पडलेलंच राहतं. आणि ते कोणाला दिसत नाही, म्हणून आपण लिहितो, एकही पडलं नाही."

साहेबांनी घसा साफ केला. "हे सगळं आपण वर बसून बोलू. टाक्यांचं काम मात्र ठरल्याप्रमाणे होईल. माणसं आली आहेत." त्यांनी नळाकडे पाहिलं. मग दुसऱ्या नळाकडे पाहिलं. "मुठी कुठे आहेत?"

"माझ्याकडे."

"द्या."

"टाक्या भरलेल्या राहतील असं कागदावर लिहा. मग देते."

"मावशी, तुम्ही कोणाशी बोलताय कळतंय का? पाण्यात राहून..."

"माशाशी वैर माझं नाही, साहेब. माशांच्या बाजूनेच बोलतेय. मला काढायचं तर काढा. खिसा झडतीत रिकामा करायचा असेल तर तेही करा. पण बाईमाणसाच्या एप्रनमध्ये हात घालायला तुम्हाला आधी एक बाई शोधावी लागेल. आणि या खोलीत दोन आहेत, त्या दोघी घालतील असं मला वाटत नाही."

अध्यक्षबाईंनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "माझे गुडघे दुखतात, मला वाकता येत नाही," त्या म्हणाल्या. थोड्या वेळापूर्वी त्या टाकीपाशी चांगल्या वाकल्या होत्या.

"मला थंडीने बोटं हलत नाहीत," बाई म्हणाली.

कागद दुपारी दोनला लिहून झाला. दोन्ही टाक्या आणखी एक वर्ष भरलेल्या राहतील, मेलेले बुंधे आता तोलले जातील, कोणत्याही झाडाला पुट्टी लावली जाणार नाही. खाली अध्यक्षबाईंची सही. मावशीने तो दोनदा वाचला, अक्षराअक्षरावर बोट ठेवून, आणि मग मुठी टेबलावर ठेवल्या.

साहेबांनी दुसरा कागद पुढे केला. तो तिच्यासाठी होता. मेमो.

मावशीने तोही वाचला. "यात एक वाक्य चुकलंय, साहेब."

"आता काय?"

"'निष्काळजीपणामुळे टाकीतील झाडे मोडली' असं लिहिलंय. एक मोडलं. बाकीची मोडली नाहीत, पडली. निष्काळजी मी नव्हतेच. हवी त्यापेक्षा जास्त काळजी घेतली, तीच नडली. 'डागडुजी केली आणि सांगितली नाही' असं लिहा. त्यावर सही करते."

साहेबांनी मेमो परत ओढून घेतला. मग पेन काढलं, ओळ खोडली आणि वर हाताने नवी लिहिली. मावशीने सही केली, ठसठशीत, कागदाच्या कडेपर्यंत. मेमोची तिची प्रत तिने तळघरात नेली आणि पांढऱ्या दिव्याच्या पाटीखाली टाचणीने लावून टाकली. पुढच्या माणसाला कळलं पाहिजे.

घरी दादाने विचारलं, "हारतुरे की हात धरून?"

"मेमो."

"आपल्या घराण्यात पहिलाच. बाबा असते तर चौकटीत लावला असता."

पुढच्या आठवड्यात एका सकाळी मावशी नातवंडांच्या टाकीला भरवत होती. वाटलेली कोळंबी पिचकारीने सोडायची, बोटं उघडायची वाट बघायची, पुढच्या झाडाकडे जायचं. बाई तिच्या टेबलाशी एक बुंधा दोऱ्याला टांगून पाण्याखाली तोलत होती. पंपाची घरघर चालू होती. कोणी हललं नव्हतं, कोणी टाकीला हात लावला नव्हता.

मधलं मोठं झाड किंचित वाकलं. त्याच्या टोकांना सगळी बोटं उघडी होती, नुकतीच खायला लागलेली. मग ते आणखी वाकलं आणि अगदी सावकाश, पाण्यात सगळंच सावकाश होतं तसं, आडवं झालं. तळाशी पांढरी धूळ उठली.

मावशीचा हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. तिने दोन्ही हात मागे नेले आणि पाठीशी घट्ट धरून ठेवले, चुकलेल्या पोराने मास्तरांसमोर धरावेत तसे. आडव्या झाडाच्या टोकांना बोटं अजून उघडीच होती. खाणं चालू होतं. तिचे डोळे भरून आले, पण तिने ते पुसायलाही हात सोडले नाहीत.

"बाई," ती म्हणाली. "लिहून घ्या. नऊ वाजून दहा मिनिटं. मधलं झाड."

"पडलं?"

"पडलं. कोणी पाडलं नाही."

बाई वही घेऊन टाकीमागे आली.